टायरची अदलाबदल : पैसे वाचतात म्हणून नव्हे

शिक्षक मित्रांनो, तालुक्याच्या गावाहून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत चार-पाच जणांनी मिळून एकाच गाडीनं जाणं आता सगळीकडेच चालतं. महिनाअखेरीला पेट्रोलचा हिशोब अगदी रुपयापर्यंत होतो. टायरचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. तो गाडीवाल्या सरांचा प्रश्न म्हणून आपण सोडून देतो. पण पाचही जणांचा जीव असतो त्याच चार टायरांवर, आणि शाळा सुरू होते ती नेमकी पावसाच्या तोंडावर.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. इंजिनाचं वजन पुढे, वळणंही पुढचीच चाकं घेतात आणि ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढेच झुकतो. साहजिकच पुढचे टायर आधी झिजतात. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतरानंतर पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे. 'असं केलं की टायर जास्त टिकतात', असं दुकानात सांगतात आणि आपण मान डोलावतो. मला विचाराल तर हे कारण लंगडं आहे.

सातवीच्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर घालून बघा. समजा, पुढच्या जागेवर टायर 30 हजार किलोमीटर चालतो आणि मागच्या जागेवर 60 हजार. अदलाबदल केलीच नाही, तर 60 हजार किलोमीटरमध्ये पुढच्या दोन जोड्या म्हणजे 4 टायर संपतील आणि मागची एक जोडी म्हणजे 2. एकूण 6. आता नियमित अदलाबदल करा. पुढे असताना टायर दर हजार किलोमीटरला 1/30 झिजतो, मागे असताना 1/60. दोन्हींची बेरीज 1/20. म्हणजे दोन हजार किलोमीटरमध्ये टायरचा विसावा भाग गेला. चारही टायर 40 हजारला एकदम संपले. याच दरानं 60 हजारला किती लागतील? पुन्हा 6 च! प्रत्यक्षात थोडी बचत होते हे मान्य, कारण वळणांवर पुढच्या टायरच्या कडा जास्त घासतात आणि मागे गेल्यावर ती झीज जरा सारखी होते. पण 'टायर दुप्पट टिकतो' वगैरे काही खरं नाही.

मग करायचं कशासाठी? चारही टायरांची पकड सारखी राहावी यासाठी. टायरवरची नक्षी शोभेची नाही. त्या खाचांतून रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकलं जातं. खाच उथळ झाली की पाणी टायरखालीच राहतं आणि टायर रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगतो. पुढचे टायर घसरले तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागचे घसरले तर गाडीची शेपूट फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्या साध्या चालकाला जास्त अवघड.

म्हणूनच पुढचे टायर पार गुळगुळीत झाल्यावर मागे टाकणं ही अदलाबदल नव्हेच. तो धोका पुढून उचलून मागे ठेवणं झालं. दोनच नवीन टायर घेतले तर तेसुद्धा मागे बसवावेत, असं टायर कंपन्या सांगतात. आपले मेकॅनिक मात्र हटकून पुढे बसवतात. 'ओढ पुढच्याच चाकांना असते ना सर!' तिथं जरा ठाम राहा. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची खूण दाखवतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, तर तो टायर पुढेही नको आणि मागेही नको.

तेव्हा टायर बघून नाही, किलोमीटर बघून बदला. साधारण 8 ते 10 हजारांना, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तसं. रोज जाऊन-येऊन 80 किलोमीटर आणि शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 17,600 होतात. म्हणजे वर्षातून दोनदा. एकदा शाळा उघडण्याआधी, एकदा दिवाळीच्या सुट्टीत. लक्षात ठेवायलाही सोपं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर त्याच बाजूनं सरळ मागे जातात, मागचे पुढे येताना बाजू बदलतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असेल तर तिलाही फेरीत घ्या; हल्ली पुष्कळ गाड्यांत ती लहान देतात, ती तशीच राहू द्या. आणि एखादा टायर एकाच कडेनं झिजला असेल तर आधी अलाइनमेंट करून घ्या. दुखणं तसंच ठेवून नुसती अदलाबदल केली, तर पुढे आलेला चांगला टायरही त्याच कडेनं जाईल.

काम झाल्यावर पुढच्या-मागच्या हवेचं माप दारावरच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा करून घ्यायचं, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पान्यानं एकदा तपासायचे. मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत होतं.