दोष मेहनतीचा नाही

साखळी विक्रीच्या धंद्यात पैसे घालवलेला माणूस बहुधा गप्प असतो. पैसे गेल्याचे दुःख असतेच. त्याहून खोल रुतलेली असते ती चूक आपलीच होती ही समजूत. आपण पुरेशा लोकांना प्लॅन दाखवला नाही, मीटिंगा चुकवल्या, ‘निगेटिव्ह’ माणसांचे ऐकले, स्वप्नच लहान पाहिले. अपलाइनने, म्हणजे साखळीत त्याला जोडणाऱ्या वरच्या माणसाने, हे त्याला इतक्या वेळा ऐकवलेले असते की धंदा सोडून वर्षे लोटली तरी तो स्वतःलाच बोल लावत राहतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि उद्या कुणाच्या तरी आग्रहाने पहिल्या मीटिंगला जाणार असलेल्यांसाठीही. बहुसंख्यांचे नुकसान व्हावे अशीच या योजनांची रचना असते आणि त्या नुकसानीचा मोठा भाग कोणत्याही पावतीवर दिसत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्याविरुद्ध जे जे सांगितले जाते ते एकेक तपासून पाहू.

“जो मेहनत करतो तो वर जातो,” हे पहिले आणि सर्वांत प्रभावी विधान. प्रत्येकाने पाच माणसे जोडायची असे धरा. पहिल्या थरात ५, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १२५. दहाव्या थरात ९७ लाख ६५ हजार ६२५. बाराव्या थराला २४ कोटी ४१ लाखांहून अधिक माणसे लागतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. यावर प्रचारकांचे उत्तर तयार असते: इतके थर प्रत्यक्षात होतच नाहीत, साखळ्या मध्येच थांबतात. मान्य. मग तिसऱ्या थरावरच थांबवू. वरच्या एकासह माणसे झाली १५६, त्यांतली १२५ शेवटच्या थरात. म्हणजे शंभरातले ऐंशी जण असे की ज्यांच्या खाली कुणीच नाही. दहाव्या थरावर थांबवा, प्रमाण ऐंशीच राहते. दोन-दोन माणसांची ‘बायनरी’ योजना घेतली तर तळाशी निम्मे उरतात. सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला तरी हा आकडा हलत नाही. मेहनतीने फार तर तळाशी कोण राहील ते बदलेल. किती जण राहतील ते बदलणार नाही. तरीही त्या ऐंशी जणांना आळशी ठरवले जाते, याचा मला सर्वाधिक राग येतो.

कुणी म्हणेल, हे कागदावरचे गणित झाले. मग प्रत्यक्षातले पाहू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० साखळी विक्री कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची पत्रके तपासून अहवाल दिला. त्यांतल्या बहुतेक कंपन्यांत बहुतेक सभासदांची वर्षाची कमाई एक हजार डॉलर किंवा त्याहूनही कमी होती. किमान १७ कंपन्यांत बहुतेकांना काहीच मिळाले नव्हते. आणि बहुतेक पत्रकांत सभासदांचा खर्च वजा केलेलाच नव्हता.

हा खर्चच सर्वांत नीट समजून घ्यायला हवा, कारण “काही हजारच तर घालायचे आहेत” या वाक्यावर माणसे आत जातात. सुरुवातीचा किट हा त्यातला सर्वांत लहान भाग. पुढे दर महिन्याला ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठी ठरावीक पॉइंटांचा माल उचलावा लागतो. महिनाअखेरीस वरची पातळी गाठायला थोडे पॉइंट कमी पडतात आणि अपलाइनचा फोन येतो: स्वतःच घेऊन टाक, पुढच्या महिन्यात विकशील. तो माल विकला जात नाही. शांपू, प्रोटीनचे डबे, टूथपेस्ट कपाटात साठत जातात आणि एक दिवस मुदत संपते. याशिवाय सेमिनारची तिकिटे, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मेळाव्याचा प्रवास आणि मुक्काम, हाऊस मीटिंगचे चहा-फराळ, पेट्रोल, ‘यशस्वी दिसण्यासाठी’ घेतलेले कपडे. हे सारे क्रेडिट कार्डावर किंवा सोने गहाण ठेवून झालेले असेल तर त्यावर व्याज. कमिशन जमा झाल्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला लागतो, खर्चाचा हिशेब वहीतही लागत नाही. चार हजार मिळाले म्हणून आनंद करणाऱ्या घरातून त्या महिन्यात सात हजार गेलेले असू शकतात आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

रविवारही यात धरायला हवेत. नोकरी करून जोडधंदा म्हणून यात शिरलेल्या माणसाच्या संध्याकाळी आणि सुट्ट्या प्लॅन दाखवण्यात जातात. त्या वेळात मुलांचा अभ्यास झाला असता, एखादे कौशल्य शिकता आले असते, नुसती विश्रांती तरी मिळाली असती.

पण खरे भांडवल वेगळेच असते. जॉइन झाल्यावर पहिले काम सांगतात ते ‘लिस्ट’ करण्याचे. ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहा: मामा, आत्या, शाळेतले मित्र, सोसायटीतल्या काकू, ऑफिसातले सहकारी. या प्रत्येक नावामागे वर्षानुवर्षांचे येणे-जाणे असते, आजारपणात डबा पोचवलेला असतो, लग्नकार्यात राबणे झालेले असते. भाचा दारात आला की मामाला नाही म्हणवत नाही, आणि मालाची गरज नसताना तो घेतो. कंपनीला जाहिरातीवर एक रुपयाही न घालवता विक्री मिळते. ती होते भाच्याच्या शब्दाच्या बळावर. दुसऱ्यांदा मामा फोन उचलत नाही. पुढे लग्नात भेट झाली तरी माणसे दोन वाक्ये बोलून सरकतात. अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव येतो: इंडियन ग्रोसरीच्या दुकानात एखादे देशी जोडपे फार आपलेपणाने बोलते, नंबर घेते, आणि आठवड्याने त्या मैत्रीचा हेतू कळतो. परक्या देशात ओळखीला आसुसलेल्या माणसाशी असे वागणे मला क्रूर वाटते.

“पण वस्तू तर खऱ्या आहेत, चांगल्या आहेत.” असतीलही. प्रश्न मालाच्या दर्जाचा नाही. साखळीबाहेरचे, ज्याला कमिशनची आशा नाही असे गिऱ्हाईक त्या किमतीला तो माल पुन्हा पुन्हा घेते का, हा प्रश्न आहे. वरच्या थरांचे कमिशन किमतीतूनच निघते. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) ॲमवे इंडिया या साखळी विक्री कंपनीची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता जप्त केली. कंपनीने २००२-०३ पासून सुमारे वीस वर्षांत २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि वितरकांना ७,५८८ कोटी कमिशन म्हणून वाटले, असे ईडीने तेव्हा सांगितले. म्हणजे शंभर रुपयांतले साडेसत्तावीस. ही योजना पिरॅमिड आहे, म्हणजे नव्यांच्या पैशांवर वरच्यांची कमाई चालते, हा आरोप तपासयंत्रणेचे म्हणणे आहे, न्यायालयाचा अंतिम निकाल नव्हे, हे नमूद केलेच पाहिजे. पण हे पैसे कुणाच्या खिशातून येतात, हा प्रश्न विचारायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

समर्थक लगेच १९७९ सालाकडे बोट दाखवतात. अमेरिकेत त्या वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेची योजना पिरॅमिड ठरवली नाही, हे खरे. पण त्या निर्णयात कंपनीच्या काही नियमांना महत्त्व होते: उचललेला बहुतांश माल विकला गेला पाहिजे, दरमहा किमान दहा गिऱ्हाइकांना विक्री झाली पाहिजे, न विकलेला माल परत घेतला पाहिजे. तुमच्या अपलाइनला एवढेच विचारा: या महिन्यात तुमची साखळीबाहेरची दहा गिऱ्हाइके कोण?

“कंपनी नोंदणीकृत आहे, जीएसटी भरते” याने काहीच सिद्ध होत नाही. घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणे भरा म्हणत वर्षाला ११ हजार रुपये घेणाऱ्या ‘स्पीक एशिया’च्या जाहिराती टीव्हीवर झळकत होत्या; २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला तिचा तपास करावा लागला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ सालीच ॲमवेची योजना १९७८च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायद्याच्या कक्षेत येते असे म्हटले होते. या १९७८च्या कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अशी योजना चालवणे हा तर गुन्हा आहेच, तिचा सभासद होणे, तिच्यात कोणत्याही प्रकारे भाग घेणे हाही गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. ज्याने स्वतःच्या मेहुण्याला जोडले तो तक्रार करायला का कचरतो, याचे एक उत्तर इथे आहे. फसलेल्याला आरोपी होण्याची भीती घालणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम आणले. त्यांनुसार पिरॅमिड योजना बंद आहेत, प्रवेश शुल्क घेता येत नाही, ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी यांशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचे नाही. “आणखी तिघांना घ्यायला लाव, तुझे पैसे सुटतील” असे सांगून माल विकायलाही मनाई आहे. प्लॅन दाखवताना हेच वाक्य कानी पडले तर तिथूनच उठून यावे.

“मग एलआयसीचा एजंटही कमिशनच घेतो ना?” घेतो. पण तो परीक्षा देऊन परवाना मिळवतो, बाहेरच्या माणसाला पॉलिसी विकतो आणि एजंट म्हणून टिकण्यासाठी दरमहा स्वतःच पॉलिसी विकत घेत नाही. किराणा दुकानदारालाही आपल्या गिऱ्हाइकांना दुकानदार करावे लागत नाही. गिऱ्हाईक हेच विक्रेते आणि विक्रेते हेच गिऱ्हाईक, अशी अवस्था फक्त साखळीत येते.

शेवटचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. घर सांभाळणाऱ्या बाईला, निवृत्त माणसाला, नोकरी न लागलेल्या पदवीधराला मानाने चार पैसे मिळवण्याची वाट दुसरे कोण देते? गरज खरी आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच तिचा गैरफायदा घेता येतो. पण वाट नाही हे खोटे आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथली ‘बहीण’, म्हणजे सभासद, लाटलेल्या पापडांच्या वजनावर मजुरी घेते आणि मालकीत वाटेकरी असते. तिच्या कमाईसाठी तिच्या नणंदेचे नुकसान व्हावे लागत नाही, पापड खाणाऱ्याला सभासद व्हावे लागत नाही. गावोगावचे बचत गट, शिवणकाम, डबे, शिकवण्या यांत कमाई हळू होते, कष्ट पडतात, धंदा बसूही शकतो. पण बुडालेच तर आपले पैसे बुडतात, आपल्या शब्दावर विसंबलेल्या शंभर जणांचे नाही. कमाईचा मार्ग निवडताना मी हीच कसोटी लावते.

तुम्ही आधीच साखळीत असाल तर या महिन्याचा माल उचलू नका. गेल्या बारा महिन्यांत काय आले आणि काय गेले ते पेट्रोल-तिकिटांसह वहीत मांडा. करार काढून माल परत करण्याची मुदत पाहा. पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या. आणि ज्यांना तुम्ही जोडले त्यांना आजच स्वतः फोन करून पुढचे पैसे घालू नका असे सांगा.