संधिपाद

नवरात्राच्या सुमारास माझी पुतणी एका संध्याकाळी वही घेऊन आली आणि "काका, मला सायन्स नको. बाबांना तुम्हीच सांगा," एवढे बोलून खुर्चीत बसली. दहावीपर्यंत मराठी शाळा, गुण उत्तम. आता अकरावीचे जीवशास्त्र इंग्रजीत. वर्गातल्या बाकीच्या मुली ते शब्द फडाफडा बोलतात आणि ही घोकून घोकून रडकुंडीला आलेली. मराठीचा प्राध्यापक यात काय दिवे लावणार, असा सूर स्वयंपाकघरातून निघाला. तो मी ऐकला नाही.

वही उघडली. 'आर्थ्रोपोडा' हा एकच शब्द दहा वेळा लिहिलेला.

"झुरळ, खेकडा, विंचू यांना तुमच्या मराठी पुस्तकात काय म्हणत?"

"संधिपाद. पायांना सांधे असलेले."

"मग हेही तेच. ग्रीकात आर्थ्रोन म्हणजे सांधा आणि पोड म्हणजे पाय."

ती क्षणभर गप्प राहिली. "म्हणजे आजीचा आर्थ्रायटिस...?"

"तोच सांधा."

"मला झुरळाच्या पंक्तीला बसवू नका रे!" आतून आईचा आवाज आला.

मग मात्र वही भराभर उलटू लागली. 'एकायनोडर्माटा' म्हणजे काटे आणि कातडी, मराठीत कंटकचर्मी. 'पोरिफेरा' म्हणजे छिद्रे वाहणारे, मराठीत रंध्रीय. ज्यांनी हे मराठी शब्द घडवले, त्यांनी परका शब्द उकलून आतला अर्थ पाहिला आणि तोच आपल्या धाग्यात ओवला. पोरीजवळ अर्थ आधीच होता. तिला वाटत होते, आपल्याजवळ काहीच नाही.

त्यातून 'पोड' आणि 'पाद' यांचे नाते रक्ताचे आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले होते. याचा अर्थ सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले, असा मात्र नव्हे. ही चुलत भावंडे. यांतले कोणी कोणाचा बाप नाही. आठ पायांचा तो ऑक्टोपस. दिवाळी कधी ज्या महिन्यात येते तो ऑक्टोबरही आठवाच. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून. सप्टेंबरातला सात तर आपल्या सप्तकातला. इतकेच काय, फारसीतल्या सातावरून आलेला आपला हप्ताही त्याच गोतातला. फक्त तो दर महिन्याला भेटतो!

आठवड्याने ती पुन्हा आली ती ऐटीत. "काका, पीडिअ‍ॅट्रिशन म्हणजे पायाचा डॉक्टर ना? पेडल, पेडेस्ट्रियन, तसा?" बोलण्याच्या भरात मी "शाबास!" म्हणून मोकळा झालो. त्यावर आमची मंडळी म्हणाली, "मग आपल्या मुलांना गोवर आला तेव्हा आपण पायाच्या डॉक्टरकडे जात होतो वाटतं?" कोश काढावा लागला. पेडलमधला पाय लॅटिन. बालरोगतज्ज्ञाच्या नावात ग्रीक 'पाइस' आहे, म्हणजे मूल. पायाचा डॉक्टर तो पोडिअ‍ॅट्रिस्ट. नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवली की असे होते. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी बजावतो, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

सायन्स सोडण्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. दिवाळीनंतर चाचणी आहे, तेव्हा काय ते कळेल. पण परवा आईच्या तपासणीचा कागद आला. त्यावर 'ऑस्टिओपोरोसिस' हा शब्द पाहून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. पुतणीने कागद हातात घेतला, ओठ हलवले.

"ऑस्टिओ... अस्थी. आणि पोर म्हणजे पोरिफेरातली छिद्रं. आजी, तुझी हाडं सच्छिद्र झाली आहेत."

"एवढंच ना?" आई म्हणाली. "मग तो दुधाचा पेला आण इकडे."