आवाजाचा हिशेब नकाशातच हवा

नवी इमारत उभी करायची तर अग्निशमन, झाडे, पाणी, आणि विमानतळ जवळ असेल तर उंची, अशा दाखल्यांची चळत महापालिकेत द्यावी लागते. तयार घरात रात्री किती आवाज येईल, हे सांगणारा कागद त्या चळतीत सहसा नसतो. तो असावा अशी मागणी केली की ठरलेली उत्तरे मिळतात. आपला गोंगाट भोंग्यांचा, हॉर्नचा आणि मिरवणुकांचा, तेव्हा तो पोलिसांनी पाहावा. माणसाला सगळ्याची सवय होते. आधीच परवडत नसलेली घरे आणखी महागतील. आणि सल्लागाराला पैसे बिल्डरच देणार, म्हणजे अहवाल बिल्डरच्या सोयीचा. यातले शेवटचे उत्तर वजनदार आहे. बाकीची तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

पोलिसांवर ढकलणारे उत्तर आधी घेऊ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती भोंग्यापुरती नाही, त्या भागातल्या एकूण आवाजाची आहे. आता जनरेटरचे उदाहरण घ्या. हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला त्याच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ६९, चारवर ६३, आठवर ५७, सोळावर ५१, आणि ४५ व्हायला बत्तीस मीटर लागतात. आपल्या इमारतींचे सामासिक अंतर आठवा. कुंपणालगत ठेवलेला हा जनरेटर आणि शेजारच्या इमारतीची पहिल्या मजल्यावरची झोपायची खोली यांत बत्तीस मीटर कुठून आणणार? यंत्र नियमात, इमारत नियमात, आणि खोलीतला माणूस नियमाबाहेरच्या आवाजात! इथे पोलीस कोणाला पकडणार? कोणीच गुन्हा केलेला नाही. चूक नकाशात आहे. जनरेटर क्वचितच चालतो असे कोणी म्हणेल. मग त्याच्या जागी हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धुराडे-पंखा किंवा रुग्णालयाचा चिलर ठेवून पाहा. ते रोज चालतात.

सवयीचे उत्तर तर सरळ चुकीचे आहे. जागेपणी आपण आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण झोपेत कान बंद होत नाहीत आणि हृदयाची गती आवाजागणिक हलत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक पातळ्या दिल्या, तेव्हा रस्त्याच्या आवाजाचा हृदयविकाराशी असलेला संबंध हा त्यामागचा एक मुख्य आधार होता. झोपायच्या खोलीत रात्री ३० डेसिबल ही पातळी त्याच संघटनेने १९९९ मध्ये सांगितली होती आणि ब्रिटिश मानकातही तीच आहे. किंचित उघडी खिडकी सुमारे पंधरा डेसिबल अडवते. आपल्या नियमातल्या रात्रीच्या ४५ मधून पंधरा वजा करा: उरतात ३०. म्हणजे खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्या माणसाला पुरेल असा आकडा आपल्या कायद्यात गेली पंचवीस वर्षे बसून आहे. नकाशा मंजूर करताना मात्र त्याची आठवण कोणाला होत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर कागदावर खोली फिरवायला पैसे पडत नाहीत. जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला घेतले, झोपायच्या खोल्या आतल्या बाजूला नेल्या, पाण्याचा पंप खोलीच्या भिंतीपासून दूर आणि रबरी बैठकीवर बसवला, तर अर्धे काम होते. हेच इमारत उभी राहिल्यावर करायचे म्हणजे दुहेरी काचा, बंद खिडक्या आणि वातानुकूलन. त्याचे बिल बिल्डर भरत नाही, घर घेणारा भरतो, तेही दर महिन्याला. बंद खिडकी हा उपाय तर मुंबईच्या दमट हवेत शिक्षाच आहे. थंड इंग्लंडलाही हे कळले. तिथल्या २०२२ पासूनच्या बांधकाम नियमांत घर तापू नये याचा हिशेब करताना, रात्री खोलीत सरासरी ४० डेसिबलहून अधिक आवाज येत असेल तर खिडकी उघडी राहील हे गृहीत धरता येत नाही.

इंग्लंडकडून घेण्यासारखी याहून मोठी गोष्ट म्हणजे भार कोणावर, याचा निकाल. दक्षिण लंडनमधल्या 'मिनिस्ट्री ऑफ साउंड' या जुन्या नाइटक्लबसमोर निवासी मनोरा येऊ घातला, तेव्हा रहिवाशांच्या तक्रारींनी आपल्यालाच टाळे लागेल, अशी भीती क्लबला वाटली. मनोऱ्याला वाढीव ध्वनिरोधन आणि क्लबचा आवाज मान्य करणारा कायदेशीर करार, या अटींवर २०१४ मध्ये तो वाद मिटला. २०१८ पासून तिथल्या राष्ट्रीय नियोजन धोरणातच हे तत्त्व आले: जुन्या व्यवसायाशेजारी जो नवे बांधतो, त्यानेच आवाजाचा बंदोबस्त करायचा. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींच्या भिंतींना टेकून गृहसंकुले उभी राहतात आणि नंतर तीस वर्षे तिथेच असलेल्या कारखान्याविरुद्ध अर्ज जातात. पुण्याच्या लोहगाव विमानतळाभोवती इमारत बांधताना उंची तपासली जाते, कारण विमानाला धोका नको. खालच्या खोलीत झोपणाऱ्याला त्या विमानाचा किती त्रास होईल, हेही तेव्हाच तपासायला काय हरकत आहे?

आता वजनदार आक्षेप. सल्लागाराला पैसे अर्जदार देतो, हे इंग्लंडमध्येही तसेच आहे. तिथे निदान अहवाल अर्जाच्या फाइलीत कोणालाही वाचता येतो आणि स्थानिक परिषदेचा पर्यावरण-आरोग्य अधिकारी त्यावर मत देतो. आपल्याकडे वीस हजार चौरस मीटरांपासून पुढच्या प्रकल्पांना लागणाऱ्या पर्यावरण मंजुरीत आवाजाचा उल्लेख असतो, पण तिथले अहवाल किती गांभीर्याने लिहिले जातात याविषयी फारसा भ्रम कोणालाच नाही. म्हणून नुसता अहवाल मागून भागणार नाही. मोजणी कुठे, कोणत्या रात्री, किती तास केली ते मूळ आकड्यांसह संकेतस्थळावर टाकावे. आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी, पंप, जनरेटर, चिलर सगळे चालू ठेवून, पालिकेने निवडलेल्या दोन-चार रिकाम्या खोल्यांत रात्री पुन्हा मोजावे. कागदात ३० आणि खोलीत ४२ निघाले तर भोगवटा नाही. अहवाल खोटा लिहिण्यातला फायदाच मग संपतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास नियंत्रण नियमांत फेरबदल करता येतात, आणि चटईक्षेत्र वाढवण्यासाठी ते वाटेल तेव्हा केले जातात. पुढचा फेरबदल झोपेसाठी करावा.