भाकरी न येणारा पदवीधर

बारावीचे निकाल लागले की माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आपली मुले बॅगा आणि वळकट्या घेऊन सातारा, सांगली, मिरज गाठतात. काहींना समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळते. ज्यांना मिळत नाही ती चार-पाच जण मिळून खोली घेतात. एसटीत बसवून देताना बाप एकच सांगतो, "अभ्यास कर." हातातले पैसे महिनाभर कसे पुरवायचे, स्वतःचे जेवण कसे रांधायचे, घरमालकाकडून काय लिहून घ्यायचे, दाखले कुठे जपायचे, हे त्याला कुणीच सांगितलेले नसते. मुलीला ते सांगावे लागत नाही. निदान चुलीचे आणि धुण्याभांड्याचे काम तरी तिच्याकडून दहाव्या वर्षापासून करून घेतलेले असते. मुलगा मात्र जेवल्या ताटावरून तसाच उठतो. ही गत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांतही आहे.

चळवळीच्या दैनिकात भाकरी-भांड्यांची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. त्यांच्यासाठी साताऱ्याचीच हकीकत सांगतो.

१९०१ साल. आई भीमाबाई गेलेल्या. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे, अशी चार पोरे. सोबतीला आत्या. ती मायाळू, पण पायांनी अधू. तिलाच उचलून ठेवावे लागे. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. मग स्वयंपाक कुणी करायचा? पोरांनीच. शाळा करून ही चार मुले आपले अन्न आपणच शिजवीत. भाकरी-पोळी काही जमेना, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करीत आणि त्यावरच दिवस काढीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः नोंदवून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने छापले. घटनेच्या शिल्पकाराला आपल्या बालपणीचा पुलाव लिहिण्यासारखा वाटला, हे आमच्या पोरांनी ध्यानात घ्यावे.

त्याच आठवणींतला मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. वडिलांनी सुटीत बोलावले, मुलांनी येण्याचा दिवस पत्राने कळवला, पत्र वडिलांच्या हाती पडलेच नाही, आणि जात कळताच गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मुले निघाली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. या प्रसंगातला अपमान आपण व्याख्यानांतून सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण नऊ-दहा वर्षांची पोरे तिकीट काढून, सामान सांभाळून, भाडे ठरवून एकटी निघाली होती, हे मात्र आपण सांगत नाही. जातीने त्यांच्या वाटेत काटे पेरले, तरी ती मुले परावलंबी नव्हती.

याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले. अस्पृश्य, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातिधर्मांची पोरे एका छपराखाली राहिली, एका पंगतीला बसली आणि बोर्डिंगची कामेही त्यांनी आपसांत वाटून घेतली. लक्ष्मीबाईंनी या पोरांच्या पोटासाठी गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा विकले. स्वावलंबी शिक्षण हे रयतचे ब्रीद आहे. त्यात खर्चाची काटकसर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या कामावरून माणसाची जात ठरवली जात होती, ते काम सगळ्यांच्या हातात आले. झाडू एकाच्याच हाती राहिला नाही.

आता आजचा हिशेब पाहू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. योजना आखली तेव्हा साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये धरले होते: भोजनाला २५ हजार, निवासाला १२ हजार, निर्वाहाला ६ हजार. भोजनाची रक्कम वर्षाच्या दिवसांनी भागली तर रोजचे सत्तर रुपयेही पडत नाहीत. खोलीला महिना एक हजार. एवढ्यात शहरात खोली आणि खानावळ भागवून दाखवा, असे मंत्रालयातल्या बाबूंना विचारायला हवे. हप्ते वेळेवर पडत नाहीत ही ओरड तर जुनीच आहे. रक्कम वाढवून घेण्यासाठी आणि ती वेळेत मिळवण्यासाठी लढावेच लागेल.

पण लढा चालू असताना पोट थांबत नाही. चार जणांनी मिळून शेगडी घेतली, पाळी लावली, आठवड्याचा बाजार एकदम आणला तर त्याच पैशांत दोन वेळचे धड अन्न होते. ज्याला साधा भात-आमटी येत नाही तो वडापाववर राहतो, आजारी पडतो, तास बुडवतो; आणि योजनेत ७५ टक्के हजेरीची अट आहे. म्हणजे स्वयंपाक न येण्याची किंमत शेवटी शिक्षणातून मोजली जाते. शिवाय एकदम आलेला हप्ता मोबाइलच्या नव्या मॉडेलमध्ये किंवा डीजेच्या वर्गणीत गेला, तर पुढचे चार महिने गावाकडे हात पसरावे लागतात. तथागतांनी दीघजाणू या कोलिय गृहस्थाला संसाराचा उपदेश करताना समजीविकता सांगितली होती. तराजू धरणाऱ्यासारखी मिळकत आणि खर्च यांची पारडी डोळ्यांसमोर ठेवायची. वंदनेला बसणाऱ्या किती तरुणांकडे महिन्याच्या खर्चाची वही आहे?

खोलीचीही गोष्ट बोलली पाहिजे. आडनाव विचारून "आत्ताच दिली" म्हणणारे घरमालक सातारा-सांगलीत आहेत, हे कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणूनच मिळालेली खोली तोंडी बोलीवर घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. अनामत दिली की पावती घ्या, भाडे शक्यतो खात्यातूनच द्या. स्वाधारसाठीही भाड्याच्या खोलीचा पुरावा लागतोच.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने सही तुमची आणि तिचे परिणामही तुमचे. मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहताना किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपवर 'मान्य' दाबताना हे आठवावे. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. ऐन प्रवेशाच्या तोंडावर पडताळणी समितीकडे धावपळ करणारी मुले दरवर्षी दिसतात. मतदार यादीत नाव घालायला बाप येणार नाही. शिकायला जिथे राहता तिथेही नमुना ६ भरून नाव नोंदवता येते. १९८९ पासून अठराव्या वर्षी मिळालेला हा हक्क आपल्याच वस्त्यांतली पोरे आळसाने वाया घालवतात, तेव्हा दोष मनुवाद्यांना कसा द्यायचा?

आणि मुलींचे काय? घरकामात तरबेज केलेल्या मुलीला बँकेत एकटी पाठवत नाहीत, तिचे पासबुक भावाच्या ताब्यात असते, आणि सांगलीला खोली घेऊन राहते म्हटले की गल्ली गोळा होते. तिला चूल शिकवली आणि व्यवहार दडवला. त्याला व्यवहार दाखवला आणि चूल दडवली. दोघेही अर्धेच मोठे झाले.

आमची सूचना साधी आहे. मे-जूनमधले चार रविवार प्रत्येक विहारात वंदनेनंतर दहावी-बारावीच्या मुलामुलींना एकत्र बसवावे. बँकेत नोकरीला असलेल्या बांधवाने खाते आणि कर्ज समजावावे, वकिलाने भाडेकरार वाचून दाखवावा, वसतिगृहात राहून आलेल्या थोरल्या मुलांनी स्वाधारचा अर्ज भरून घ्यावा. चौथ्या रविवारी परात, पीठ आणि तवा आणावा. शिकवायला एखाद्या मावशीला सन्मानाने, वक्त्याला देतो तेवढेच मानधन देऊन बोलवावे. आणि त्या दिवशीच्या भाकरी मुलांनी थापाव्यात. पहिल्या दिवशी वाकड्या झाल्या तरी चालतील, साताऱ्याच्या त्या चार पोरांना तर त्याही जमत नव्हत्या.