अनवाणीचे बिल

अर्ध्या मालाला अर्धी किंमत, एवढे कळायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. मी बी.कॉम. आहे, म्हणूनच बहुधा फसलो.

पुण्याच्या भाच्याने मला साडेसहा हजारांचे बूट घ्यायला लावले. तळ पापडाएवढा, टाच नाही, गुंडाळले तर खिशात मावतील असे. आमच्या हिने दोन बोटांत धरून विचारले, "बाकीचे बूट कुठेत?"

"मामा, अनवाणी चालल्यासारखं वाटतं यात!" भाचा म्हणाला.

अहो, अनवाणी चालल्यासारखे अनवाणी चालूनही वाटते! चौथीपर्यंत मी तसाच शाळेत गेलो. त्याला तेव्हा गरिबी म्हणत. आता निसर्गाकडे परतणे म्हणतात आणि त्यावर जीएसटी लावतात.

खोटे कशाला बोला, वडाळे तळ्याभोवती पहिली फेरी मारली तेव्हा बरे वाटले. बोटांना पसरायला ऐसपैस जागा, पाय हलके. त्या भरात रविवारी कर्नाळ्याला गेलो. पाय जमिनीशी बोलतात, असे भाचा म्हणाला होता. जमीनही पायांशी बोलली, पण तिची भाषा छापण्याजोगी नाही. कर्नाळ्याचा सुळका म्हणजे वर केलेला अंगठा. एरवी मला ती शाबासकी वाटे, त्या दिवशी ठेंगा वाटला. टाचेची उंची गेली की तिचा भार पोटरीवर येतो, हे सोमवारी बँकेचा जिना चढताना कळले.

"हळूहळू सवय करायची, काही महिने!" भाचा फोनवर म्हणाला. वीस वर्षे खुर्चीवर पोसलेल्या पायांना ही अट आधी सांगायची, की बिल झाल्यावर?

या पंथाचे दैवत अबेबे बिकिला. १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली. कबूल! पण १९६४ साली टोकियोत तोच गडी बूट घालून धावला आणि तीन मिनिटे आधी पोचला. हे पान भक्तमंडळी उलटत नाहीत. अमेरिकेत तर अशा बुटांच्या एका कंपनीने, फायद्याचे दावे सिद्ध न झाल्याच्या खटल्यात, २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

पण माझे भांडण पोटरीचे नाही. गड उतरताना करवंदांची पाटी घेतलेली एक कातकरीण भेटली. अनवाणी. माझ्या पायांकडे पाहून कळवळून म्हणाली, "दादा, चपला तुटल्या काय?" तिच्या पायाला भेगा होत्या. तिला कोणी पायाची नैसर्गिक ठेवण समजावली नव्हती.

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या, त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला. आम्ही डोळे पुसले आणि अनवाणीपणा विकत घ्यायला निघालो.

ज्यांना पर्याय आहे त्यांनी खुशाल अनवाणी चालावे. फुकट आहे! पण नाइलाजाची नक्कल करून तिला साडेसहा हजारांचे लेबल लावायचे, हा जमाखर्च मला जुळत नाही. तेवढ्यात करवंदवालीच्या पाड्यावर साध्या चपलांचे किती जोड आले असते, तो हिशेब मी केला. आकडा सांगत नाही. बिल माझ्याच नावावर आहे.