चलनाला लगाम कुणाचा?

दसऱ्याला किंवा पाडव्याला सराफाच्या दुकानासमोर लागणारी रांग महाराष्ट्राला नवी नाही. मुहूर्ताच्या दिवशी गुंजभर का होईना, सोने घरात यावे ही आपल्याकडील गृहिणीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता त्याच घरातील नुकताच नोकरीला लागलेला मुलगा सोन्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पगारातील काही हजार रुपये तो मोबाइलवरून 'बिटकॉइन'मध्ये घालतो आणि आईला सांगतो, की आता हेच नवे सोने. आई त्याला उतावळा समजते, तो आईला जुनाट समजतो. वरवर पाहता हा दोन पिढ्यांचा मतभेद आहे. पण बारकाईने पाहिले तर दोघांच्या कृतीमागील भावना एकच आहे. दोघांचाही अविश्वास आहे तो खिशातील नोटेवर. ही नोट आज जेवढे धान्य विकत घेते, तेवढे दहा वर्षांनी घेणार नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक आहे. म्हणूनच हा वाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

बिटकॉइनचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य वित्तसंस्था कोसळली आणि त्यानंतर सहा-सात आठवड्यांतच 'सातोशी नाकामोतो' असे नाव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने या चलनाचा आराखडा प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले, तेव्हा त्यात लंडनच्या 'टाइम्स'मधील त्या दिवशीच्या बातमीचा मथळा कोरलेला होता. ती बातमी होती बुडत्या बँकांना सरकारी तिजोरीतून पुन्हा हात देण्याच्या हालचालींची. बँकांनी जुगार खेळावा आणि त्याची भरपाई करदात्याने करावी, या व्यवस्थेवरचे ते आरोपपत्र होते.

या चलनाची खातेवही कोणा एका बँकेच्या ताब्यात नाही. जगभरातील हजारो संगणकांवर तिची एकसारखी प्रत असते. नवे पान जोडण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते. जो पहिला यशस्वी होतो, त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. या श्रमाला 'खाणकाम' असेच नाव पडले आहे. आरंभी दर पानामागे ५० नाणी मिळत. सुमारे चार वर्षांनी ती निम्मी होत जातात. एप्रिल २०२४पासून हा आकडा ३.१२५वर आला. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, असा नियम आहे. सोने जसे राजाच्या हुकुमाने वाढत नाही, तसेच हे नाणेही वाढत नाही. सोन्याशी त्याची तुलना होते ती यामुळे.

तेव्हा प्रथम सोन्याचाच इतिहास तपासला पाहिजे. ज्या काळात नोटेच्या बदल्यात बँकेतून ठरलेले सोने मागता येत असे, त्या काळात सरकारच्या हाताला आपोआप लगाम बसत होता. तिजोरीत सोने नाही, तर नोट छापता येत नाही. परंतु तो लगाम सत्ताधाऱ्यांनी हवा तेव्हा काढून फेकला, हेही तितकेच खरे. १९३३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना आपल्याजवळचे सोने सरकारजमा करण्याचा आदेश दिला आणि पुढच्याच वर्षी सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. ज्यांचे सोने गेले, त्यांच्या हाती उरलेल्या डॉलरची सोन्यातील किंमत एका रात्रीत घटली. पुढे १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. तेव्हापासून जगातील प्रत्येक नोट ही केवळ शब्दावर चालते.

भारताला तर या सुवर्णकाळाची दुसरी बाजू सोसावी लागली. आपला रुपया चांदीचा होता. युरोपातील देश सोन्याकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि रुपया घसरू लागला. लंडनला सोन्याच्या हिशेबात खंडणीवजा देणी पाठवणाऱ्या इंग्रज सरकारची त्यामुळे तारांबळ उडाली. १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या आणि रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असा बांधण्यात आला. रुपये भारतात चालायचे आणि त्यांना आधार देणारी गंगाजळी मुख्यतः लंडनमध्ये ठेवायची, अशी ही अजब रचना होती. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली तिचे कौतुक केले.

त्या व्यवस्थेचे वाभाडे काढणारा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आणि लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचा हा ग्रंथ आज अभिमानाने नावापुरता सांगितला जातो. त्यातील युक्तिवाद मात्र फारसा वाचला जात नाही. त्यांचा मूळ आक्षेप असा होता, की या व्यवस्थेत सरकार हवे तितके रुपये पाडू शकते. टांकसाळ लोकांना बंद आणि सरकारला उघडी, हाच खरा दोष. १९२५ साली नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मागणी केली, की ती सरकारलाही बंद करावी. रुपयाच्या संख्येला कायमची मर्यादा घालावी आणि त्याच्या जोडीला सोन्याचे नाणे चालवावे. संख्येला मर्यादा, हीच तर बिटकॉइनची सर्वांत मोठी बढाई! ती कल्पना बाबासाहेबांनी ऐंशीहून अधिक वर्षे आधी मांडली होती.

मग बाबासाहेबांच्या कसोटीवर बिटकॉइन उतरते का? आमच्या मते नाही. कारण त्यांची मर्यादेची मागणी हे साधन होते, साध्य नव्हे. साध्य होते ते रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य. चलन घसरले की भाव आधी वाढतात आणि मजुरी मागाहून वाढते. मधल्या काळात निर्यातदार व्यापारी कमावतो आणि श्रमिक नागवला जातो, हे त्यांनी आवर्जून दाखवून दिले. कष्टकऱ्याच्या हातातील पैशाचे मोल टिकते की नाही, ही ती कसोटी. नोव्हेंबर २०२१मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला होता. वर्षभरात तो १६ हजारांच्याही खाली आला. डिसेंबर २०२४मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ज्या नाण्यात पगार ठरवला तर घरभाडे देता येईल की नाही हे महिन्याअखेरीसच कळेल, ते नाणे सट्टेबाजाच्या सोयीचे आहे, संसारी माणसाच्या नव्हे. संख्या स्थिर असली म्हणजे मोल स्थिर राहते, हा समजच चुकीचा आहे. १९३०च्या मंदीत सोन्याच्या देशांतही भाव कोसळले आणि त्याच काळात कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरातील दागिने मोडून भारतातून सोने बाहेर गेले.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. मुहंमद तुघलकाने चांदीच्या भावात तांब्या-पितळेची नाणी चालवली, घरोघरी खोटी नाणी पडू लागली आणि बेत फसला. पण त्या लहरी सुलतानालाही ती नाणी तिजोरीतून बदलून द्यावी लागली. बिटकॉइनबाबत दाद मागायची कोणाकडे? २०१४मध्ये टोकियोची माउंट गॉक्स आणि २०२२मध्ये एफटीएक्स या बाजारपेठा बुडाल्या, तेव्हा जगभरातील ठेवीदार दिवाळखोरीच्या न्यायालयांत खेटे घालू लागले. 'विकेंद्रित' म्हणवणाऱ्या या चलनाच्या खाणकामाचा मोठा हिस्सा २०२१मधील बंदीपर्यंत एकट्या चीनमध्ये होता. एल साल्वाडोरने २०२१मध्ये त्याला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. २०२५च्या आरंभी ते स्वीकारण्याची सक्ती मागे घ्यावी लागली.

एवढ्यावर समाधान मानून नोटेच्या बाजूने टाळ्या वाजवणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरुणांचा अविश्वास निराधार नाही. १९९१मध्ये परकीय गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले, ही जखम ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. २०२२मध्ये रशियाची परदेशातील सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा दुसऱ्याच्या चलनातील ठेव किती आपली असते, हेही जगाला कळले. रिझर्व्ह बँकेने आपला सुवर्णसाठा वाढवत मार्च २०२५अखेर सुमारे ८८० टनांवर नेला आणि परदेशातील सोन्याचा मोठा भाग मायदेशी आणला, ते योग्यच झाले. हे सोने नोटेमागे बांधलेले नसले, तरी अडचणीच्या दिवशी ते कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

परंतु घरातला लगाम? २०१६पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ टक्क्यांपर्यंत ठेवण्याचे बंधन कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. २०२२मध्ये सलग तीन तिमाह्या ती ६ टक्क्यांच्या वर राहिली. नियमानुसार बँकेने सरकारला कारणमीमांसेचे पत्र पाठवले. ते पत्र जनतेपुढे मात्र ठेवले गेले नाही. ज्याच्या पैशाचे मोल घटले त्यालाच कारण सांगायचे नाही, ही कोणती रीत? आभासी चलनाबाबतही तेच. २०१८मधील रिझर्व्ह बँकेचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये रद्द केले. २०२१च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत विधेयक आले, ते मांडलेच गेले नाही. २०२२च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर मात्र बसला. कर घ्यायचा, पण फसलेल्याला संरक्षण देणारा कायदा करायचा नाही, हे सरकारला शोभणारे नाही.

सोन्याचा लगाम राजे काढून फेकतात आणि गणिताचा लगाम कोणालाच जाब देत नाही. उरतो तो कायद्याचा आणि लोकमताचा लगाम. तो सर्वांत कच्चा दिसतो, पण घट्ट करणे आपल्याच हाती असते. महागाईचे बंधन मोडले तर त्याचा खुलासा संसदेपुढे आणि जनतेपुढे उघडपणे झाला पाहिजे. आभासी चलनाच्या व्यवहारांसाठी स्पष्ट कायदा झाला पाहिजे. आणि डिसेंबर २०२२पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक रूपात आलेल्या डिजिटल रुपयात नागरिकाच्या खासगी व्यवहारांना कायद्याचे कवच मिळाले पाहिजे.

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात टांकसाळीच्या अध्यक्षाबरोबरच 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी सांगितला आहे. त्याचे काम चलनातील नाणे पारखण्याचे. नाणे पाडणारा आणि ते पारखणारा हे दोघे वेगळे असावेत, ही दृष्टी त्यामागे दिसते. लोकशाहीत रूपदर्शकाचे हे काम नागरिकाचे आहे. घरातल्या आईने सोने जरूर घ्यावे. मुलाला हौस असेल तर बुडाले तरी चालेल एवढेच पैसे त्याने बिटकॉइनमध्ये घालावेत. पण आपल्या रुपयाचे मोल का घटते, हा प्रश्न दोघांनीही विचारायचे सोडू नये. तो प्रश्न विचारणारा समाज असेल, तरच नोटेवरील वचनाला अर्थ उरेल.