दीड तासाचा उजेड

‘लाइट गेले!’ ही आरोळी हॉस्टेलला काही नवीन नाही. कोणी शिट्टी मारतं, कोणी मोबाइलचा टॉर्च लावतं आणि सबमिशन पूर्ण न झालेली मंडळी तर मनातून खूशच होतात. कारण आपला जिना आपल्याला पाठ असतो. कुठली पायरी फुटकी आहे, हे पायांनाही ठाऊक असतं. पण हीच आरोळी एखाद्या मॉलच्या चौथ्या मजल्यावर उठली तर? तिथे आपण सरकत्या जिन्याने वर गेलेलो असतो. खाली उतरायचा खरा जिना कुठल्या दारामागे आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलेलं असतं?

अशा वेळी आधार दोनच गोष्टींचा. भिंतीवरचा इमर्जन्सी दिवा आणि दारावरचा तो पळणारा हिरवा माणूस. हा माणूस मूळचा जपानचा, बरं का! १९७२ मध्ये ओसाकाच्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरला आग लागून ११८ माणसं गेली. त्यानंतरच्या काळात कोणालाही चटकन कळेल असं चिन्ह तिथे शोधलं गेलं आणि ते पुढे जगभर पोचलं.

आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. १३ जून १९९७. दिल्लीच्या ‘उपहार’ सिनेमागृहात ‘बॉर्डर’ चालू होता. खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर बाल्कनीपर्यंत चढला. वीज गेली. हॉलमध्ये इमर्जन्सी दिवे नव्हते आणि जास्तीच्या खुर्च्यांसाठी बाल्कनीतली एक वाट आधीच बंद केलेली होती. ५९ जण गेले, ते भाजून नव्हे, तर धुरात गुदमरून. दार कुठे आहे हे वेळेवर दिसलं असतं, तर त्यातले काही तरी वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे की! राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, की वीज गेल्यावर हे दिवे किमान दीड तास चालले पाहिजेत. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी’ फॉर्म दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. कागदावर सगळं छान आहे. गोम पुढेच आहे.

गेल्या सुट्टीत मी एका इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडे ट्रेनिंगला जात होते. एका शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये इमर्जन्सी दिव्यांचं चेकिंग होतं. एक दादा शिडी लावायचे, टेस्टचं बटण दाबायचे, दिवा लागायचा, खालचा माणूस यादीवर टिक करायचा. एका दिव्याला जेमतेम दोन सेकंद! मी विचारलं, ‘‘दादा, दीड तास चालतो का, ते कधी बघायचं?’’ ते हसून म्हणाले, ‘‘ताई, तेवढा वेळ कुणाला आहे? लागला ना? झालं तर मग.’’

त्या दादांना मी दोष देत नाही. त्यांना पैसेच दोन सेकंदांचे मिळतात. पण बॅटरी विषय शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, की म्हातारी झालेली बॅटरीसुद्धा दोन सेकंद दिवा लावते आणि दहा मिनिटांत मान टाकते. चार्जिंगचा छोटा दिवा एवढंच सांगतो, की वीज आत येते आहे. आत किती साठली आहे, हे तो सांगत नाही. त्यात फॉल्स सीलिंगजवळच्या उकाड्यात लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. काही ठिकाणी तर दिव्याचं चार्जिंग साध्या स्विचवर दिलेलं असतं. वॉचमन रात्री दुकान बंद करताना सगळे स्विच खाली पाडतो. मग दिव्याला वाटतं, वीज गेली! तो रोज रात्रभर जळून बॅटरी रिकामी करतो आणि काही महिन्यांत तिचा निकाल लागतो.

‘आमच्याकडे जनरेटर आहे,’ हेही नेहमीचं उत्तर. पण जनरेटर चालू व्हायला काही सेकंद लागतात आणि गर्दीत चेंगराचेंगरी व्हायला तेवढे पुरतात. शिवाय एका मजल्याचाच एमसीबी पडला, तर मेन सप्लाय चालूच असतो. जनरेटरला त्या अंधाराचा पत्ताही लागत नाही. म्हणून दिव्याजवळ स्वतःची बॅटरी हवी आणि तो त्याच मजल्याच्या लाइटच्या सर्किटवर हवा.

मालकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. दीड तास चालवून बॅटरी रिकामी केली, की ती पुन्हा भरायला जवळजवळ एक दिवस जातो. तोवर इमारत वाऱ्यावर सोडायची का? नाही. एक आड एक दिवे निवडायचे, रात्री धंदा बंद झाल्यावर अर्धे तपासायचे आणि उरलेले दोन दिवसांनी. दर महिन्याला बटण दाबावं, पण वर्षातून एकदा पूर्ण दीड तास दिवा जाळावा. तो किती मिनिटं चालला, हा आकडा वहीत लिहावा. माझं म्हणणं एवढंच, की ‘बी’ फॉर्मसोबत टिक नको, मिनिटं हवीत. टिक कोणीही करतो. पण ‘९०’ हा आकडा खोटा लिहिताना हात जरा तरी थरथरेल.

आणि तो हात कोणाचा असणार आहे, मित्रांनो? उद्या आपलाच! दोन-चार वर्षांत आपल्यातलेच काही जण अशा यादीखाली सही करतील.

म्हणून प्राध्यापकांना आणि रेक्टर सरांना एक विनंती. सराव आपल्या घरापासूनच करू या. परीक्षा संपल्यावर एका रात्री हॉस्टेलच्या आणि वर्कशॉपच्या जिन्यांवरचे इमर्जन्सी दिवे दीड तास चालवून बघू. इलेक्ट्रिकलची मुलं-मुली घड्याळ घेऊन बसतील, निकाल नोटीस बोर्डावर लावू. आकडा ९० येवो नाहीतर ९ येवो, आग लागण्याआधी कळलेला बरा.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी